वेळ न लिहिलेली नोंद

आमच्या विद्यापीठात परीक्षेचा हंगाम आधी नाकाला कळतो. गोदामातून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वर यायला लागले की जिन्यात नव्या कागदाचा आणि डिंकाचा वास भरतो. लाखेची कांडी मेणबत्तीवर धरली की तिचा जळका वास येतो, आणि पावसाळ्याचे दिवस म्हणून व्हरांड्यात उघडून ठेवलेल्या ओल्या छत्र्यांचा. यंदा हा वास आला तेव्हा मी भूगोल विभागात खिडकीशी बसलो होतो. महिनाअखेरीस मी निवृत्त होतोय. समोरच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर परीक्षा विभाग आहे. तिथं मी अकरा वर्षं काढली, आधी उपकुलसचिव म्हणून आणि मग परीक्षांचा कुलसचिव म्हणून. त्या खिडक्यांकडे बघितलं की माझ्या पोटात अजून दुखतं. डॉक्टरला दाखवण्यासारखं ते दुखणं नव्हे. मला वत्सलाबाईंचा मत्सर वाटतो. इतकी वर्षं मी त्याला वेगवेगळी नावं देत आलो, आता जायच्या वेळी खरं नाव सांगायला हरकत नाही.

वत्सलाबाई माझ्यानंतर परीक्षांच्या कुलसचिव झाल्या. आज त्या प्रभारी कुलगुरू आहेत. सेवेत माझ्याहून सहा वर्षांनी लहान. वडगावच्या विणकरांच्या घरातल्या, संख्याशास्त्र शिकवायच्या, आणि साडी मात्र नेहमी घरच्या मागाचीच नेसायच्या. त्या हुशार आहेत यानं मला काही वाटलं नसतं. हुशार माणसं विद्यापीठात पैशाला पासरी. मला सलतं ते हे, की त्यांच्याजवळ कुलूप नाही.

माझ्याजवळ होतं. कपाटाचं होतंच, पण खरं कुलूप डोक्याला होतं. कुठल्या कॉलेजचा प्राचार्य प्रश्नपत्रिका वेळेत नेतो आणि कुणाला दोनदा फोन करावा लागतो, कुठल्या विषयाचे पेपर तपासायला कुणाला बोलवायचं नाही आणि का, कन्नडमधून आलेला कुठला सरकारी आदेश आपल्याला लागू होतो आणि कुठला नुसता फायलीला लावून ठेवायचा, हे सगळं मला तोंडपाठ. लिहून ठेवलेलं एक अक्षर नाही. मी चार दिवस रजेवर गेलो की काम अडायचं, आणि बेळगुंदीला घरी शेताच्या बांधावर उभा असताना माझा फोन खणखणायचा. बायको म्हणायची, "तुमच्याबिगर विद्यापीठ चालत न्हाय वाटतं." ती चेष्टेनं म्हणायची. मी ते प्रशस्तिपत्रासारखं घ्यायचो.

ही सवय कुठून आली, याचा मी कधीकधी विचार करतो. बेळगुंदीत आमची रताळी चांगली यायची. लावणीच्या दिवसांत शेजारपाजारचे आप्पांकडे वेल मागायला यायचे आणि आप्पा भारेच्या भारे देऊन टाकायचे. दिलदार माणूस म्हणून त्यांचं गावात नाव होतं. पण तोडलेला वेल लगेच लावायचा नाही, दोन दिवस सावलीत ठेवायचा म्हणजे तो धरतो, हे आप्पांनी कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नाही. एकदा मीच विचारलं तर म्हणाले, "वेल दिला की रं. आणि काय शिकवत बसू?" तो सूर माझ्या कानात राहिला असावा. विद्यापीठात कुणी काही मागितलं की मीही फाईल लगेच देत असे. फाईल म्हणजे वेलच, सावलीतले दोन दिवस माझ्याजवळ.

मी एकटाच असा होतो असं नाही. आमच्याकडं एकदा ज्ञान व्यवस्थापनावर दोन दिवसांची कार्यशाळा झाली. बेंगळूरहून एक गृहस्थ आले होते, पडद्यावर बाण आणि वर्तुळं दाखवत होते. संस्थेतलं ज्ञान माणसाबरोबर निघून जाऊ नये, प्रमुखांनी ते वाटावं, नोंदवावं, पुढच्याच्या हाती द्यावं, असं ते सांगत होते. सगळे अधिष्ठाते, विभागप्रमुख, ग्रंथपाल, आम्ही दोन कुलसचिव, सारे माना डोलावत होतो. जेवण उत्तम होतं. संध्याकाळी जो तो आपापल्या खोलीत गेला आणि ड्रॉवरला किल्ली लावून घरी गेला. दुसऱ्या दिवशी वित्त विभागाचे साहेब निवृत्त झाले आणि संगणकाचा पासवर्ड सोबत घेऊन गेले. तो मिळवायला तीन आठवडे लागले, आणि मिळाला तेव्हा कळलं की त्यांच्या नातीचं नाव होतं.

सात वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझी मुदत संपली. मला वाटलं होतं, वाढवून देतील. माझ्याशिवाय कोण आहे, असं तेव्हाचे कुलगुरू स्वतः चारचौघांत म्हणाले होते. आणि मग एका दुपारी आदेश आला आणि त्यावर वत्सलाबाईंचं नाव होतं. परीक्षा तोंडावर आलेल्या. मी भूगोलात परत. अभिनंदन करायला गेलो तेव्हा माझे हात गार पडले होते हे मला आठवतं, आणि त्यांनी ते हातात घेतले तेव्हा त्यांचे गरम होते.

आमच्याकडं चार्ज देणं म्हणजे किल्ल्यांचा जुडगा, शिक्के, कपाटांची यादी आणि दोन सह्या. अर्ध्या तासाचं काम. वत्सलाबाई म्हणाल्या, "सर, मला आठ दिवस तुमच्याजवळ बसायचंय."

"कशाला?" मी म्हटलं. "फायली हाईत की सगळ्या."

"फायलीत काय केलं ते असतंय सर. का केलं ते न्हाय."

मी दोन दिवस दिले. त्या समोर जाड वही घेऊन बसायच्या. वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात एकच शब्द लिहिलेला होता, 'का'. डाव्या पानावर काय घडलं ते, तारीख आणि वेळ घालून. उजव्या पानावर त्याचं कारण. चूक झाली असली तर तीही तिथंच, आपल्या सहीनिशी. मला हसू आलं. शाळेतल्या बाईंची वही वाटली. मी त्यांना पुष्कळ सांगितलं, आणि जे सांगायला हवं होतं ते एक सांगितलं नाही.

ते एक म्हणजे गुंजीकडचं केंद्र. गुंजीजवळच्या एका छोट्या कॉलेजात आमचं परीक्षा केंद्र आहे. तिथं पलीकडच्या जंगलातल्या वाड्यांवरची मुलं सकाळच्या पॅसिंजरनं येतात. एरवी ती नऊच्या सुमाराला पोचतात. पण जोराचा पाऊस लागला की गाडी घाटातून सावकाश येते आणि स्टेशनात यायला साडेदहा वाजून जातात. पेपर दहाला. साडेदहानंतर कुणाला आत घ्यायचं नाही, हा नियम. म्हणून मी पूर्वी एका पावसाळ्यात कुलगुरूंकडून खास परवानगीचं पत्र घेतलं होतं, की त्या एका केंद्रावर आलेल्या मुलांना आत बसवून ठेवायचं आणि प्रश्नपत्रिकांची पाकिटं पावणेअकराला फोडायची. हे पत्र दरवर्षी नव्यानं घ्यावं लागे. मी ते तोंडी सांगून करवून घेई, प्रत फायलीला लावत नसे, आणि केंद्राला फोन करी. प्राचार्य बदलले तरी माझा फोन बदलत नव्हता. मुलांच्या दृष्टीनं ती गोष्ट नुसती होत होती, आपोआप.

विसरलो असं मी नंतर पुष्कळांना सांगितलं. मी विसरलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी विचारलं, "आणि काय राहिलं का सर?" तेव्हा गुंजी माझ्या जिभेवर होतं. मी म्हटलं, "न्हाय. लागलं तर फोन करा." त्यांनी फोन करावा असं मला वाटत होतं. घाबऱ्याघुबऱ्या आवाजात, निदान एकदा.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी विभागाच्या खिडकीतून पलीकडं बघत काढले. एके दिवशी काही निमित्त काढून परीक्षा विभागात गेलो. तिथं कल्लाप्पा खुर्चीत बसला होता. कल्लाप्पा म्हणजे आमचा दफ्तरी, मच्छे गावचा. जुन्या कागदांचे गठ्ठे बांधण्यात त्याची हयात गेली. माझ्या अकरा वर्षांत तो माझ्यासमोर कायम उभाच राहिला, बस म्हणायचं मला सुचलंच नाही. तो आज वत्सलाबाईंच्या समोर बसून बोलत होता आणि त्या वहीत लिहून घेत होत्या. मला बघून तो उठायला लागला तर त्यांनी हातानं खूण करून त्याला बसवलं. मला इतका राग आला की ज्या कामाला आलो होतो त्याचं निमित्तसुद्धा सांगायचं राहिलं.

बाहेर जिन्यात मी त्याला गाठलं. "काय सांगत हुतास रं मॅडमना?"

"इचारत हुत्या त्ये सांगितलं सर," तो म्हणाला. "लई वर्सं झाली, मला काय ठावं हाय त्ये कुणी इचारलंच नव्हतं."

हे तो तक्रार म्हणून बोलला नाही. नुसतं सांगितलं आणि गठ्ठा उचलून गेला.

पहिल्या पेपरच्या दिवशी पहाटेपासून पाऊस कोसळत होता. मी साडेआठलाच विभागात येऊन बसलो. फोन टेबलावर, समोर. नऊ वाजले. घाटात धुकं असणार, गाडी रखडली असणार, हे मला इथं बसून दिसत होतं. आता फोन येईल. साडेनऊ. शिपायानं चहा आणला, तो तसाच निवला. त्या वाड्यांवरची तीस-पस्तीस मुलं डब्याच्या दारात उभी असतील, वह्या पिशवीत घालून पोटाशी धरलेल्या, असं मनात येत होतं आणि मी ते बाजूला सारत होतो. पावणेदहा. तिचा फोन का येत नाही? मनातल्या मनात मी त्यांना 'ती' म्हणत असे. दहा वाजले, घंटा झाली. माझ्याच विद्यापीठाची घंटा, मीच लावून दिलेल्या वेळेला. दहा वाजून दहा मिनिटांनी मी केंद्रावर फोन लावला. आता कळवून काही उपयोग नाही, परवानगीचं पत्र वीस मिनिटांत निघत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी लावला.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम हितंच हाईत सर. काल सांजच्यालाच आल्यात. देऊ काय?"

मी नको म्हणायच्या आत फोन त्यांच्या हातात गेला होता. मागं पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"सर, गाडी लोंढा स्टेशनातनं सुटली म्हणून आत्ताच कळलं," वत्सलाबाई म्हणाल्या. "पत्र घेऊनच आलतो आम्ही. पोरांना बसवून ठेवलंय." मग म्हणाल्या, "फोन केलात, बरं झालं."

त्या शेवटच्या चार शब्दांत टोमणा कुठं आहे, हे मी पुढं कित्येक महिने शोधत होतो. सापडला असता तर बरं वाटलं असतं.

त्यांना कळलं कसं, ते कल्लाप्पाकडून मला नंतर समजलं. जुने हजेरीपट चाळताना त्यांच्या लक्षात आलं की दर पावसाळ्यात त्या एका केंद्राचे गठ्ठे पाऊण तास उशिरा बंद होतात आणि कारण कुठंच लिहिलेलं नाही. त्यांनी कल्लाप्पाला विचारलं. तो म्हणाला, कारण मला ठाऊक न्हाय, पण सर पाऊस लागायच्या आधी एक पत्र टाईप करून घ्यायचे. मग त्या स्वतः गुंजीला गेल्या, स्टेशनमास्तरांना भेटल्या, मुलांना भेटल्या. माझ्या डोक्याचं कुलूप त्यांनी फोडलं नाही. त्या बाजूच्या दारानं आत गेल्या आणि ते दार आहे हे मलाच माहीत नव्हतं.

त्या हंगामानंतर त्या वाढत गेल्या आणि मी तिथंच राहिलो. माझा फोन शांत झाला. पहिल्या वर्षी मला वाटलं, मोबाईलची रेंज गेली असेल. 'मॅडमना विचारा' हे वाक्य मी व्हरांड्यात, बसथांब्यावर, चहाच्या टपरीवर ऐकलं आणि दर वेळी माझा चहा कडू झाला. एकदा त्यांची आई आजारी होती म्हणून त्या महिनाभर रजेवर गेल्या. मी मनाशी म्हटलं, आता बघू. परीक्षा सुरळीत झाल्या. निकाल चार दिवस आधी लागले. वही टेबलावर उघडी असायची, ज्याला अडेल तो बघायचा आणि स्वतःचं दोन ओळी लिहून ठेवायचा. मी रजेवर गेल्यावर काम अडायचं याचा मला अभिमान होता, आणि इथं ही बाई महिनाभर नाही आणि तिच्या नसण्याची कुणाला अडचणसुद्धा होत नाही. त्या महिन्यात मला धड झोप लागली नाही.

त्यांच्या आईला बघायला मी वडगावला गेलो होतो. लोकलाजेखातर. आई बऱ्या झाल्या होत्या आणि मागापाशी जमिनीवर बसल्या होत्या. जुना ताणा संपला होता, पण त्यांनी तो मागावरून काढून टाकला नव्हता. त्याची हातभर सुतं तशीच ठेवली होती आणि नव्या ताण्याचं एकेक सूत त्या जुन्याच्या टोकाला बोटांनी पीळ देऊन जोडत होत्या. बोटं घसरू नयेत म्हणून शेजारी वाटीत राख. हजारांवर सुतं, आणि म्हातारीला घाई नव्हती.

"ह्ये नवीनच का भरत न्हाय?" मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"माग रिता करत न्हाईत बाबा," त्या म्हणाल्या. "रिता क्येला की सगळं पयल्यापास्नं मागाच्या वहीफणीतनं एकेक सूत ववायला लागतंय. जुन्याला जोडलं की जुनंच नव्याला वडून आत घिऊन जातंय."

वत्सलाबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी कप माझ्यापुढं ठेवला आणि आईशेजारी बसून सुतं जोडायला घेतली. मी त्या दिवशी पहिल्यांदा समजलो की ही वही त्यांना कुठल्या कार्यशाळेत मिळालेली नव्हती. आणि समजल्यावर मन हलकं व्हायला हवं होतं ते झालं नाही. मला वाटलं, आमच्या घरात असा माग असता तर. रस्त्यानं येताना मी आप्पांवरसुद्धा चिडलो, ज्यांना जाऊन तोवर पुष्कळ वर्षं झाली होती.

तर यंदा पुन्हा तो वास जिन्यात भरला, आणि परवा सकाळी रोहिणी माझ्याकडं आली. निपाणीची मुलगी, माझीच विद्यार्थिनी, आता परीक्षा विभागाचा चार्ज घेतेय. हातात वही. पुठ्ठ्यावरचं 'का' झिजून पुसट झालेलं, मधे दोनदा पानं जोडून शिवलेली.

"सर, मॅडमनी सांगितलंय, तुमच्याजवळ बसल्याबिगर चार्ज घ्यायचा न्हाय."

"आता माझ्याजवळ काय राहिलंय गं?"

"ते तुम्हीच सांगायचं म्हणाल्यात."

मी वही उघडली. सात वर्षांत मी तिला हात लावला नव्हता. माझं नाव तिच्यात कसं आलं असेल याची मी अनेकदा कल्पना केली होती. माहिती दडवणारा माणूस म्हणून, किंवा आलंच नसेल म्हणून, आणि यातलं दुसरं मला जास्त लागलं असतं. गुंजीचं पान मी आपोआप शोधलं. वत्सलाबाईंचं गोल, सरळ अक्षर. केंद्राची हकिगत, गाडीची वेळ, पत्राचा नमुना. सवलत कुणी सुरू केली तिथं माझं पूर्ण नाव, हुद्द्यासकट. आणि खाली एक ओळ: 'पहिल्या पेपरच्या दिवशी सरांनी स्वतः केंद्रावर फोन करून गाडीची आठवण करून दिली.'

मी ती ओळ तीनदा वाचली. रोहिणी शेजारून वाकून बघत होती.

"सर, इथं वेळ राहिली वाटतं," ती म्हणाली. "बाकी सगळीकडं हाय. मॅडम वेळ लिहायच्या कधी सोडत न्हाईत."

खरंच, त्या पानावर सगळ्याला वेळ होती. गाडी लोंढ्याहून सुटली ती, पाकिटं फोडली ती, पेपर सुटला ती. फक्त माझ्या फोनला नव्हती. त्या ओळीसमोरचं उजवं पान, कारणाचं, तेही कोरं होतं. सात वर्षं ते कोरंच राहू दिलेलं. ज्या बाईनं कधी काही झाकून ठेवलं नाही, तिनं एवढी एकच गोष्ट झाकली होती, आणि ती माझी होती. मला त्यांचा इतका हेवा पूर्वी कधी वाटला नव्हता. हे मला जमलं नसतं. त्यांच्या जागी मी असतो तर वेळ सेकंदासकट लिहिली असती.

मी खिशातलं पेन काढलं आणि त्या ओळीपुढं लिहिलं, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी.

रोहिणीनं ते वाचलं. पावसाळ्यातल्या गाडीचं सगळं तिनं आधीच वाचलेलं होतं. "पण सर, दहा दहाला कळवून काय उपेग?"

"काय न्हाय," मी म्हटलं. "पहाटेपास्नं मला ठावं हुतं."

बाहेर कुणीतरी गठ्ठे ओढत नेत होतं. मी पेन उजव्या पानावर नेलं. तिथं पावसाबद्दल लिहिता आलं असतं, विसरण्याबद्दल, कामाच्या गडबडीबद्दल. मी एकच शब्द लिहिला, 'मत्सर', आणि त्याखाली पूर्ण सही केली, तारीख घातली.

रोहिणीनं खुर्ची जवळ ओढली. "आणि काय राहिलं का सर?" तिनं विचारलं.

"लई राहिलंय," मी म्हटलं. "बस."